फुट्सक्रेचा मिलियन डॉलर पोरगा

मेलबर्नला गेलेला मराठी माणूस एमसीजीच्या बाहेर उभा राहून घरी फोन करतोच करतो. ‘बाबा, हेच ते ग्राउंड! १९८१ साली गावसकर चिडून चेतन चौहानला घेऊन बाहेर निघाले होते ना, ते!’ मीपण केला. ग्रेट ओशन रोडवर फोटो काढले, फिलिप आयलंडला थंडीत कुडकुडत पेंग्विन बघितले. झालं मेलबर्न! पण हल्ली कुणी तिकडे निघालं आणि ‘काय काय बघू गं?’ असं विचारलं, की मी सांगते, एक सकाळ काढ आणि वेस्ट फुट्सक्रेला जा. समोरचा लगेच मोबाइलवर शोधतो आणि तोंड वाकडं करतो. ‘अगं, इथे तर काहीच नाहीये.’

खरंय. एक स्टेशन, एक लांबलचक रस्ता आणि एक जुनं ग्राउंड. पण त्या ग्राउंडवर मी एका पोराला नोकरी करताना पाहिलंय. हो, नोकरीच. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, दोन मीटर उंच, आणि त्याचं पॅकेज अख्ख्या शहराला पाठ!

२०१६ च्या मार्चमध्ये मी पुण्याहून ऑनसाइट गेले. नऊ महिन्यांचं प्रोजेक्ट, डॉकलँड्समध्ये ऑफिस, आणि हातात येणाऱ्या भत्त्यात परवडेल असं घर फक्त नदीपलीकडे, पश्चिमेला. ऑफिसातल्या एका तेलुगू सीनियरने सांगितलं, ‘वेस्ट फुट्सक्रेला बघ, डोसा मिळतो.’ एवढ्यावर मी घर घेतलं. निर्णय भारी निघाला. बार्कली स्ट्रीटवर आपल्या लोकांची रेस्टॉरंट्स, किराणा, कढीपत्ता, जाड पोहे सगळं. दोन स्टेशनं मागे गेलं की फुट्सक्रेत व्हिएतनामी फो, इथिओपियन इंजेरा आणि गरम जॅम भरलेले डोनट. मेलबर्नच्या पूर्वेकडची मंडळी या भागाबद्दल बोलताना जरा नाक मुरडतात. कारखान्यांचा, गोदीवाल्यांचा, बाहेरून आलेल्यांचा भाग. आपल्याकडे गिरणगाव म्हटल्यावर काही लोक ज्या सुरात ‘अच्छा’ म्हणायचे, तसा सूर.

पहिल्याच आठवड्यात ऑफिसात एकाने माझ्यासमोर कागद धरला. फूटी टिपिंग! दर आठवड्याला कोण जिंकणार ते लिहायचं, वर्षाच्या शेवटी पैसे वाटून घ्यायचे. यातून सुटका नाही. तिथे एखाद्याने ‘मी फूटी बघत नाही’ म्हणणं म्हणजे पुण्यात ‘मी चहा घेत नाही’ म्हणण्यासारखं. कुठली टीम तुझी? मी म्हटलं, माझ्या घराजवळ एक ग्राउंड आहे, लाल-पांढरा-निळा रंग. ‘ओह, डॉग्ज!’ सगळे हळहळल्यासारखे हसले. वेस्टर्न बुलडॉग्ज. शेवटचं जेतेपद १९५४. मग कुणीतरी म्हणालं, ‘तुमच्याकडे तो मिलियन डॉलरवाला आहे ना!’

तो टॉम बॉइड.

खेळाबद्दल आधी थोडं, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. हा फुटबॉल म्हणजे आपला सॉकर नव्हे. क्रिकेटच्या अंडाकृती मैदानावर, एका बाजूला अठरा जण, चेंडू लांबट, हाताने धरायचा, लाथेने मारायचा, पास करायचा तर मुठीने ठोसून. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोघांतून गेला तर सहा गुण, बाजूच्या खांबांमधून गेला तर एक. म्हणजे नेम चुकला तरी काहीतरी मिळतं! (आमच्या अप्रेझलमध्येही असं काही असतं तर.) मेलबर्नमध्येच हा जन्मला. टॉम विल्स नावाच्या क्रिकेटरने १८५८ मध्ये पत्र लिहून सुचवलं, की हिवाळ्यात खेळाडू सुस्तावतात, त्यांच्यासाठी फुटबॉलचा क्लब काढा. पुढच्या वर्षी नियम लिहिले गेले. आणि आता याच खेळापायी हे शहर वर्षातले सहा महिने कामातून जातं.

तर टॉम बॉइड. मेलबर्नच्या पूर्वेकडच्या उपनगरातला शाळकरी मुलगा. तिथे क्लबला मुलं मिळतात ती ‘ड्राफ्ट’मधून. आपलं कॅम्पस प्लेसमेंट बघा, पण मुलाने कुठे अर्ज करायचा हा भागच काढून टाका. देशभरातली अठरा-अठरा वर्षांची पोरं एका यादीत, आणि क्लब पाळीपाळीने नावं घेणार. तळाला राहिलेल्या क्लबला पहिली पाळी. २०१३ मध्ये ग्रेटर वेस्टर्न सिडनी जायंट्स हा कोरा करकरीत क्लब वर्षभरात एकच मॅच जिंकून तळाला होता. त्यांनी पहिलं नाव घेतलं ते याचं. देशातला नंबर एक! शाळा संपली, आणि पोराने बॅग भरून आठ-नऊशे किलोमीटर लांब सिडनी गाठलं. अठराव्या वर्षी आपण पुण्याला हॉस्टेलवर आलो तेव्हा मेसच्या भाजीवरून रडत होतो, हे मला उगाच आठवलं.

सिडनीला तो पहिल्या वर्षी नऊ मॅच खेळला. नऊ. आणि २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये बॉम्ब पडला. बुलडॉग्जचा कॅप्टन रायन ग्रिफन म्हणाला, मला जायचंय, आणि ते त्याच जायंट्सकडे. पाठोपाठ कोच ब्रेंडन मॅकार्टनीही गेले. क्लबचं घर पार मोडल्यासारखं झालं. मग बुलडॉग्जने जुगार खेळला. ग्रिफन घ्या, वर ड्राफ्टमधली आमची सहाव्या क्रमांकाची निवड घ्या, आणि आम्हाला टॉम बॉइड द्या. करार सात वर्षांचा. पेपरात छापून आलेला आकडा सत्तर लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने ३५ कोटी रुपयांच्या आसपास. वय वर्षं एकोणीस, अनुभव नऊ मॅच!

आता हे ज्या क्लबने केलं तो क्लब कसला, ते कळायला माझ्या शेजारच्या आजींकडे जायला हवं. तिथे सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, त्याही मला ‘नावानेच म्हण’ सांगायच्या, पण सत्तरीच्या बाईला नावाने हाक मारायला माझी जीभ वळायची नाही. मी त्यांचं नाव घ्यायचंच टाळायचे. मनात त्या आजीच. त्यांनी मला एक चेपलेला पत्र्याचा डबा दाखवला. १९८९ मध्ये क्लब कर्जात बुडाला, आणि वरच्यांनी परस्पर ठरवलं की तो फिट्झरॉय क्लबात विलीन करायचा. नवीन नावसुद्धा तयार, फिट्झरॉय बुलडॉग्ज! लोक भडकले. आयरीन चॅटफील्ड नावाची एक साधी चाहती कोर्टात गेली. पीटर गॉर्डन हे वकील पुढे झाले. आणि बाकी सगळे डबे घेऊन रस्त्यावर. आजी स्टेशनबाहेर उभ्या राहायच्या. नाणी, फक्त नाणी. काही आठवड्यांत पैसे उभे राहिले आणि क्लब वाचला.

‘आम्ही वीस-वीस सेंट गोळा केलेत गं,’ आजी म्हणाल्या, ‘आणि हे एका पोराला वर्षाला मिलियन देतायत.’ त्याच्यावर राग नव्हता त्यांचा. पण हिशेब मात्र पक्का होता. त्याने मॅचमध्ये एक गोल मारला की आजी सोफ्यावर बसल्या बसल्या भागाकार करायच्या.

नुसत्या आजीच नाही, सगळेच करत होते. सोमवारी ऑफिसात, ट्रेनमध्ये, रेडिओवर. बाकीच्या एकवीस जणांचा खेळ वाईट झाला तर तो खेळ वाईट. याचा झाला तर पैसे फुकट. खांदा दुखावला, कधी रिझर्व्ह टीममध्ये पाठवणी झाली, सगळ्याची बातमी, आणि प्रत्येक बातमीत नावाआधी आकडा. मोठ्या चणीच्या खेळाडूंना या खेळात पिकायला चार-पाच वर्षं लागतात, असं तिथले जाणकारच सांगतात. पण पगार दर महिन्याला होतो ना!

क्लबचं ग्राउंड व्हिटन ओव्हल माझ्या स्टेशनच्या वाटेवर. बाहेर टेड व्हिटनचा पुतळा. १९५४ च्या जेत्या टीममधला हा माणूस, ‘मिस्टर फुटबॉल’ म्हणायचे त्याला. मोठ्या मॅचेस इथे १९९७ नंतर होत नाहीत, त्या डॉकलँड्सच्या छपरवाल्या स्टेडियममध्ये. इथे सराव. उशिरा ऑफिसला जायचं असलं की मी कुंपणापाशी पाच मिनिटं थांबायचे. तो लगेच ओळखू यायचा, सगळ्यांच्या डोक्यावर डोकं. उडी मारून चेंडू पकडायचा, मागे जायचा, पुन्हा उडी. एकदा चार वेळा सलग त्याच्या हातून सुटला. कुंपणाबाहेर उभे असलेले दोन म्हातारे एकमेकांकडे बघून काही बोलले नाहीत. मला त्यांचं ते न बोलणं ऐकू आलं, शपथ. आमच्याकडे क्लायंट कॉलवर डेमो अडकला की अशीच शांतता पसरते.

बुलडॉग्ज त्या वर्षी सातव्या नंबरवर कसेबसे फायनल्समध्ये पोचले. सातव्या नंबरवरून कधीच कुणी जिंकलं नव्हतं, त्यामुळे कुणी अपेक्षाही ठेवली नाही. ते पर्थला जाऊन जिंकले. मग हॉथॉर्नला हरवलं, जे आधीची तीन वर्षं सलग विजेते होते. मग सिडनीला जाऊन, कुणाला हरवलं असेल? जायंट्सना! सहा गुणांनी. त्याआधी सात वेळा याच पायरीवर त्यांचा पाय घसरला होता. त्या रात्री बार्कली स्ट्रीटवर माणसं रस्त्यातच बसून रडत होती. डोसेवाल्याने दुकानावर लाल-पांढऱ्या-निळ्या पट्ट्या लावल्या. त्याला ऑफसाइड आणि ऑफस्पिनमधला फरक सांगता आला नसता, पण मोहल्ला त्याचा होता ना.

१ ऑक्टोबर २०१६, शनिवार. एमसीजीची तिकिटं मिळणं अशक्य, तिकडे ९९,९८१ माणसं. आम्ही व्हिटन ओव्हलवर मोठ्या पडद्यासमोर. आजींनी सोबत थर्मास, घोंगडी आणि तो डबा आणला होता. समोर सिडनी स्वान्स, अनुभवी आणि आडदांड. आणि बॉइड? मी आजवर त्याला असं खेळताना पाहिलं नव्हतं. गर्दीतून वर उसळून चेंडू काढत होता, जणू त्याला कुणीतरी आज सकाळीच सांगितलं असावं की तू दोन मीटर उंच आहेस. दोन गोल झाले. तिसरं क्वार्टर संपलं तेव्हा आम्ही फक्त आठ गुणांनी पुढे. शेवटच्या क्वार्टरमध्ये स्वान्स अगदी अंगावर आले. श्वास घेणं जड.

मग स्वान्सच्या लान्स फ्रँकलिनला, म्हणजे तिथल्या सुपरस्टारला, डेल मॉरिसने मागून धरून पाडलं. (मॉरिस त्या दिवशी मणक्याला फ्रॅक्चर असताना खेळत होता, हे नंतर कळलं.) चेंडू सुटला आणि बॉइडच्या हातात आला. गोल साठेक मीटर लांब. त्याने वर पाहिलं आणि सरळ हाणला. पडद्यावर चेंडू हवेत, खाली पडला, उसळला, आणि हा लांबट चेंडू कुठे उसळेल ते ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही, पण तो उसळत उसळत मधल्या दोन खांबांतून आत गेला. आपण हजारो लोकांच्या गर्दीत आहोत आणि काहीच ऐकू येत नाहीये, असं मला आयुष्यात त्या एकदाच वाटलंय. आजींनी माझा दंड इतका घट्ट धरला होता की दोन दिवस वळ होता.

८९–६७. बासष्ट वर्षांनी. नऊ वर्षांच्या असताना आजींनी वडिलांचा हात धरून १९५४ बघितलं होतं.

दुसऱ्या दिवशी टीम कप घेऊन व्हिटन ओव्हलवर आली. अख्खी वस्ती लोटली. बॉइड स्टेजवर आला तेव्हा झालेला आवाज तर विचारू नका. माझ्या मागचा एक माणूस ओरडला, ‘वसूल!’ म्हणजे इंग्रजीत त्याच अर्थाचं काहीतरी. सगळे हसले. मीही हसले. आजी हसल्या नाहीत, ते माझ्या तेव्हा लक्षात आलं, पण कारण कळलं नाही.

नोव्हेंबरमध्ये मी परत आले. पुढच्या जुलैमध्ये ऑफिसातल्या जुन्या ग्रुपवर बातमी आली, टॉम बॉइड खेळापासून ब्रेक घेतोय. डिप्रेशन. वय एकवीस. झोप लागत नव्हती त्याला. ती बातमी वाचून मी काय लिहिलं माहितीये? ‘ओह नो’ आणि एक रडका चेहरा. मग लंचला गेले.

२०१८ मध्ये मी कंपनी बदलली. हिंजवडीतच, पण पॅकेज जवळजवळ दुप्पट. सांगलीला चुलत बहिणीच्या लग्नात बाबा तो आकडा अक्षतांबरोबर वाटत होते. नव्या ऑफिसात पहिल्याच मीटिंगला कुणीतरी म्हणालं, ‘अच्छा, म्हणजे त्या तुम्ही!’ बस्स, एवढंच. कुणी ओरडलं नाही, कुणी त्रास दिला नाही. पण त्या दिवसापासून माझी प्रत्येक मेल, प्रत्येक शंका, प्रत्येक ‘मला जरा वेळ लागेल’ त्या आकड्याने भागली जाऊ लागली. दुसरं कुणी करत होतं की नाही कोण जाणे, मी करत होते. रात्री तीनला पंखा बघत पडायचं. चार वाजता लॅपटॉप उघडायचा. आईला वाटलं, स्थळांचं टेन्शन आहे.

मे २०१९. सकाळी कॅबमध्ये बातमी वाचली. टॉम बॉइड निवृत्त. वय तेवीस. करार २०२१ पर्यंतचा, म्हणजे दोन वर्षांहून जास्त बाकी, आणि तो सोडून चालला. शरीर आणि मन या खेळासाठी पुन्हा पुन्हा पणाला लावायची इच्छा उरली नाही, असं काहीसं त्याने सांगितलं. एकूण मॅच ६१. कॅब वाकडच्या पुलाखाली अडकली होती. खाली कमेंट्स होत्या, कुणी शाबास म्हणत होतं, कुणी पैसे परत मागत होतं. मला त्यातलं काहीच वाटलं नाही. मला फक्त त्याचा हेवा वाटला. एवढा की मी ड्रायव्हर काकांना गाडी बाजूला घ्यायला सांगितली आणि पाच मिनिटं फुटपाथवर उभी राहिले.

मी राजीनामा वगैरे फेकला नाही. फ्लॅटचा हप्ता होता. डॉक्टरकडे गेले, गोळ्या घेतल्या, सहा महिन्यांनी छोट्या कंपनीत कमी पगारावर गेले. बाबा नातेवाइकांना अजून जुनाच आकडा सांगतात.

२०२४ च्या मे महिन्यात दहा दिवसांसाठी पुन्हा मेलबर्नला जाणं झालं. रविवारी मायकी कार्डात पैसे भरले आणि फ्लिंडर्स स्ट्रीटवरून गाडी पकडली. वेस्ट फुट्सक्रेच्या आधीचं मिडल फुट्सक्रे आलं की तिथेही उतरता येतं, ग्राउंड दोन्हीकडून चालत. व्हिटन ओव्हलवर नवीन इमारतीचं काम चालू होतं, क्रेन, पत्रे, धूळ. आता इथे बायकांच्या लीगच्या मॅच होतात, त्यामुळे कुंपणाजवळ आई-बापांबरोबर आलेल्या बारक्या मुली चेंडू लाथाडत होत्या. टेड व्हिटन आपल्या जागेवर. डोसेवाला मात्र बदललाय, चटणी पहिल्यासारखी नाही.

आजी एकोणऐंशीच्या. काठी आलीये, बाकी तशाच. आम्ही डोसा पार्सल घेऊन ग्राउंडपाशी बसलो. बॉइडचा विषय मीच काढला. त्याने नंतर पुस्तक लिहिलं, आता ठिकठिकाणी जाऊन मानसिक आरोग्यावर बोलतो, हे मला माहीत होतं. मला दुसरंच विचारायचं होतं. तुम्हाला राग नाही आला? ते वीस-वीस सेंट?

‘राग? त्या दुसऱ्या दिवशी, सगळे इथे आले होते तेव्हा,’ आजी म्हणाल्या, ‘मी त्याच्याकडे बघत होते. सगळी पोरं कपाकडे बघत होती. तो सारखा गेटकडे बघत होता.’ मग सांबाराचा डबा बाजूला सरकवत म्हणाल्या, ‘मी तेव्हाच भागाकार थांबवला.’

मग मी माझी गोष्ट सांगितली. पंखा, तीन वाजता, सगळंच. मैत्रिणींना सांगितलं नव्हतं एवढं सांगितलं. त्यांनी मध्ये एक शब्द काढला नाही. शेवटी विचारलं, ‘किती द्यायचे तुला, त्या जुन्या नोकरीत?’

मी सांगितलं. आजींनी मनातल्या मनात डॉलर केले, माझ्याकडे पाहिलं आणि काठी हातातून सुटेपर्यंत हसत सुटल्या.

‘एवढ्यासाठी?’